मागच्याचा हात

आमच्या व्हॅनचं इंजिन मागे आहे आणि रेडिएटर पुढे, नाकाशी. मधे गाडीच्या पोटाखालून दोन लांब पाइप जातात. ही रचना कुणाला आणि का सुचली यावर आमच्याकडची माणसं अजून वाद घालतात. उपाय मात्र सगळ्यांचा एकच आहे. कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यात, हवा अडकून इंजिन तापायला लागलं की गाडीचं नाक वर करायचं. एकाने मागे बसून इंजिनाची रेस हाताने धरून ठेवायची. दुसऱ्याने पुढची जाळी काढून रेडिएटरच्या डोक्यावरचा छोटा स्क्रू सैल करायचा. आधी फसफस, मग बुडबुडे, मग धार. धार सलग झाली की स्क्रू बंद करायचा, आणि तोवर मागच्याचा हात हलता कामा नये. रेस पडली की उघड्या स्क्रूतून गाडी हवा परत आत ओढते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

हे काम एकट्याने होत नाही. म्हणून अशा प्रत्येक जुन्या व्हॅनची दोन माणसं असतात, पुढचा आणि मागचा. बहुतेक ठिकाणी ती नवरा-बायको असतात. आमच्याकडे आई गेल्यावर पुढे वडील होते आणि मागे मी.

माझे वडील, हॅल्व्हर स्टेन्सरुड, जन्मभर काउंटीची बर्फ काढायची गाडी चालवत होते. निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे ही व्हॅन तेवढी उरली. मी स्पोकेनला कॉलेजात शिकवते, दोन तासांवर. त्यांचा फोन आला की नमस्कार-चमत्कार काही नसे. "सिग, काटा चढतोय," एवढंच. सिग म्हणजे सिग्नी, म्हणजे मी; काटा इंजिनाच्या तापमानाचा. शनिवारी मी निघायचे, शेडसमोर व्हॅन पुढून ठोकळ्यांवर चढवलेलीच असायची, मी मागचं झाकण उघडून सफरचंदांच्या खोक्यावर बसायचे आणि रेस धरायचे. सुरुवातीला मांडीवर पुस्तक असायचं. डावा हात इंजिनात, उजव्या हाताने पान उलटायचं. आवाज एकसारखा असला की वाचन छान होतं.

पण दोन-तीन आठवड्यांनी काटा पुन्हा चढायचा. "गेल्या खेपेला तुझा हात हलला," वडील म्हणायचे. "लक्ष पुस्तकात. हवा राहणार नाहीतर काय होणार?" मी पुस्तक न्यायचं बंद केलं. काटा तरी चढायचाच. मग ते नेल्सचं नाव काढायचे. नेल्स माझा धाकटा भाऊ. फीनिक्सला जायच्या आधी दोन उन्हाळे तो त्या खोक्यावर बसला होता. "नेल्सचा हात म्हणजे दगड होता," असं ते गाडीच्या नाकाकडून, मला न दिसता, मोठ्याने म्हणायचे. मधे अख्खी व्हॅन होती आणि इंजिन चालू होतं, त्यामुळे उत्तर द्यायचं झालं तर ओरडावं लागलं असतं. मी ओरडत नसे.

एप्रिलमध्ये दवाखान्यात शेवटच्या दिवशी मी त्यांच्या ओठांना ओला बोळा लावत होते. त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं. "व्हॅनचा काटा बघ," म्हणाले. आणि थोडं थांबून, "तुझा हात हलला गेल्या वेळी." त्यानंतर ते बोलले नाहीत. नर्सने मला विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, घराची काळजी करताहेत.

जुलैत वेंडेल प्रुइट यांचा फोन आला. आमच्या भागातल्या व्हॅनवाल्यांत ते सगळ्यांत वडीलधारे. ऑगस्टच्या अखेरीस ही सगळी मंडळी घाटापलीकडे टॅमरॅक तळ्यावर जमतात. वडील दरवर्षी एकटे जायचे. मी एकदा येऊ का म्हणून विचारलं होतं, तेव्हा म्हणाले, "तिथे तुझ्यासाठी काय आहे? डास आणि म्हातारे." मला ते पटलं होतं.

वेंडेलनी आधी तब्येतीची चौकशी केली, चेरीचं पीक कसं आहे विचारलं, मग मुद्द्यावर आले. त्यांची एक रीत आहे. कुणी गेलं की त्या वर्षी त्याची व्हॅन तळ्यावर यायला हवी. टो करून नाही, स्वतःच्या चाकांवर घाट चढून. रात्रभर ती गार होते. सकाळी काठाच्या चढावर ती नाक वर करून उभी करतात, मागचा माणूस आपल्या जागी बसून रेस धरतो आणि वेंडेल पुढचा स्क्रू उघडतात. जे बुडबुडे येतील ते गेलेल्याचं राहिलेलं बोलणं. सगळे कॉफी घेऊन भोवती उभे राहतात आणि अर्थ लावतात. हा बायकोच्या स्वयंपाकावर बोलतोय, हा पेट्रोलच्या भावावर चिडलाय. हसतात, एखाद-दोघं रडतात. धार सलग झाली की एकदा नाव घेतात आणि स्क्रू बंद करतात.

वडिलांनी हे मला थट्टेत सांगितलं होतं, शेजारच्या गावातला कुणी जत्रेतली गंमत सांगतो तसं. मी असल्या गोष्टी मानत नाही. कूलंटमधली हवा ही हवा असते. पण दवाखान्यातल्या त्या वाक्यानंतर मला त्या सकाळी त्या खोक्यावर बसायचं होतं. माझ्या वडिलांच्या गाडीतून काहीतरी बाहेर यावं, लोकांनी त्याचा काहीही अर्थ लावावा, आणि तेव्हा रेस माझ्या हातात असावी. इतकंच मला हवं होतं, आणि दुसरं काही नको होतं.

"तर नेल्सला कळव," वेंडेल म्हणाले. "रजा काढून ये म्हणावं. इतकी वर्षं हॅल सांगत आला, माझा पोरगा खास हवा काढायला फीनिक्सहून येतो, दगडासारखा हात आहे त्याचा. त्या हाताशी आम्हाला एकदा हात मिळवायचाय."

मी म्हटलं, कळवते.

नेल्स तळ्यावर जायच्या आठवड्यात, गुरुवारी आला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर चर्चमधल्या बायकांची भांडी अजून तशीच पडून होती. अंत्यविधीच्या वेळी त्यातून जेवण आलं होतं आणि परत करायचं राहून गेलं होतं. त्यांच्या पलीकडे बसून मी त्याला विचारलं, डॅड तिथे माझ्या जागी तुझं नाव सांगत होते हे तुला माहीत होतं का.

"एकदा बोलले होते डॅड," तो म्हणाला. "कुणी तिकडचं भेटलं तर सावरून घे म्हणाले."

"का?"

"का म्हणजे काय? म्हाताऱ्यांच्या शेकोटीला बसून सांगणार काय, माझी प्रोफेसर मुलगी येते आणि कादंबरी वाचत रेस धरते?" त्याला स्वतःच्याच बोलण्याचं हसू आलं. "बडबड होती गं ती. मनाला काय लावून घेतेस."

मी म्हटलं, शनिवारी मागे मी बसणार.

तो हसायचा थांबला. "बस की. मग ते विचारतील, ही कोण. मग तू सांगशील. बरोबरच आहे तुझं. पण सिग, निरोपाच्या दिवशीच त्यांना सगळ्यांपुढे खोटं पाडायचंय का तुला?"

याला उत्तर होतं. पण ते दिलं असतं तर मी वडिलांशी न भांडलेलं सगळं भांडण नेल्सशी भांडले असते, आणि त्याला त्यातलं निम्मं कळलं नसतं. मी भांडी एकात एक घातली. मग म्हटलं, तुला बसायचंच असेल तर आधी धरायला पुन्हा शिकावं लागेल. मार्चपासून गाडी बंद आहे, काटा चढलेलाच होता, हवा काढल्याशिवाय घाट चढणार नाही.

अशी मी पहिल्यांदा पुढे बसले.

वडिलांची चटई तिथे होती, गुडघ्यांच्या जागी दबलेली. जाळीचे स्क्रू त्यांनी इतक्यांदा काढले-घातले होते की ते बोटांनीच फिरत होते. जाळी निघाली आणि मी बघत राहिले. रेडिएटरच्या डोक्यावरच्या स्क्रूपासून खाली हिरवट पांढरे ओघळ गेले होते, वाळून खरवड झालेले, एकावर एक. गळक्या नळाखाली बेसिनवर जसा डाग धरतो तसे. ज्याने गळका नळ पाहिलाय त्याला आणखी काही सांगायला नको.

इंजिन अजून गार होतं. मी स्क्रू पूर्ण काढला. त्याच्या मानेभोवती प्लंबर लोक नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप होती. वरचा थर पांढरा, त्याखालचा पिवळट, त्याखालचा तपकिरी. नखाने सोलत गेले तेव्हा आत रबरी रिंग मिळाली. नखासारखी कडक झालेली आणि एका बाजूला चिरलेली.

इंजिन तापलं की इथून थेंब थेंब कूलंट बाहेर जाणार. गार झालं की इथूनच हवा आत जाणार. मागे कुणीही बसो, त्याचा हात कसाही असो. आणि टेप आपोआप गुंडाळली जात नाही. कुठे गळतंय हे ज्याला माहीत असतं तोच तिथे टेप गुंडाळतो, आणि कमी पडली की आणखी गुंडाळतो.

"झालं का?" नेल्स मागून ओरडला. "पायाला मुंग्या आल्या माझ्या."

मी म्हटलं, थांब.

शेडमध्ये वडिलांच्या टेबलावर बिस्किटांचे पत्र्याचे डबे ओळीने होते. तिसऱ्या डब्यात रिंगा होत्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत, नव्या, मऊ. पिशवी फोडलेली होती. चालणाऱ्या मापाची एक काढली, बोटावर थोडं ग्रीस घेऊन फिरवली, स्क्रूवर चढवली. बाकी काही करावं लागलं नाही. उभ्या उभ्या होणारं काम होतं, कोट न काढता. जुनी रिंग आणि तिच्यावरच्या टेपचं साल मी जीन्सच्या खिशात घातलं. पिशवी परत डब्यात ठेवली आणि डबा होता तिथे ठेवला.

जुनी रिंग परत बसवता आली असती. तसा विचार मनात आला. गाडी घाटात धापा टाकेल, नाहीतर कशीबशी तळ्यावर पोचेल, रात्रीत हवा ओढेल, आणि सकाळी वेंडेल आपल्या हातांनी तो टेपचा गोळा बाहेर काढतील. ते जन्मभर पुढे बसलेले आहेत, त्यांना कुणी काही समजावून सांगायला लागणार नाही. पण गाडी मधे बंद पडली असती तर ती टोच्या गाडीवर चढवून न्यावी लागली असती, आणि ते मला बघवलं नसतं. मी जाऊन नवी रिंग घातलेला स्क्रू बसवला.

मग नेल्सने इंजिन चालू केलं. मी स्क्रू सैल केला आणि त्याची रेस खाली-वर व्हायला लागली. गाडीने गटकन हवा ओढली, लगेच कूलंट उडून माझ्या बाहीवर आलं, गोडसर वासाचं. "हात हलतोय तुझा," मी मोठ्याने म्हणाले, आणि ऐकलं की मी ते वडिलांच्या सुरात म्हणाले होते. फरक एवढाच होता की नेल्सचा हात खरोखरच हलत होता. मी त्याला सांगितलं, वर बघू नकोस, बोलू नकोस, आवाज कानात धर आणि तेवढाच ठेव. हळूहळू त्याला जमलं. फसफस आली, बुडबुडे आले, आणि मग धार. कॉफी गार व्हायच्या आत काम संपलं. आमच्या शनिवारांची तर दुपार जायची.

नेल्स हात पुसत पुढे आला. पंजा माझ्यासमोर धरून म्हणाला, "बघ. दगड."

घाट आम्ही शुक्रवारी चढलो. नेल्स चालवत होता. काटा मधोमध उभा होता, वळणांवर, चढावर, लाकडाच्या ट्रकमागे रांगत जातानासुद्धा. मी इतकी वर्षं त्या काट्यासाठी येत-जात होते आणि तो असा स्वस्थ उभा असलेला मी कधी पाहिला नव्हता. "म्हातारी काय धावतेय," नेल्स म्हणाला आणि त्याने डॅशबोर्डवर थाप मारली.

तळ्यावर लोक नेल्सभोवती जमले. त्याचा हात हातात घेऊन उलटसुलट करून बघितला, चेष्टा झाली. मला एक बाई म्हणाली, "तू ती मुलगी ना, वाचणारी? हॅल सांगायचा." एवढं त्यांनी सांगितलं होतं तर. तिने बटाट्याच्या सॅलडचं पातेलं माझ्या हातात दिलं आणि टेबलाकडे बोट दाखवलं.

सकाळी तळ्यावर धुकं होतं. पॅनकेकचा तवा कुणीतरी बाजूला सरकवला. व्हॅन काठाच्या चढावर नाक वर करून उभी होती. नेल्स मागे खोक्यावर बसला, तेच खोकं आम्ही बरोबर आणलं होतं. वेंडेल पुढे गुडघ्यावर बसले, त्यांना दोघांनी धरून बसवलं. मी पुढच्या बाजूला, गर्दीत, टॉवेल घेऊन उभी होते. टॉवेल धर म्हणून मला कुणीतरी सांगितलं होतं.

इंजिन चालू झालं. नेल्सने रेस धरली आणि त्याचा हात हलला नाही. वेंडेलनी स्क्रू सैल केला.

धार आली. पहिल्यापासून सलग, हिरवी, गुळगुळीत. फसफस नाही, बुडबुडा नाही.

लोक वाट बघत होते. वेंडेलनी कान जवळ नेला. स्क्रू आणखी थोडा सैल करून पाहिला. धार जाड झाली, इतकंच. असं आधी कुणाच्या बाबतीत झालं नव्हतं हे त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं. सगळ्यांची गेलेली माणसं काहीतरी बोलली होती.

"हॅलला काही म्हणायचं नाही," कुणीतरी हळूच म्हणालं.

वेंडेलनी सावरून घेतलं. "म्हणायचं काय राहिलंय? असा मागचा माणूस असल्यावर हवा राहील कुठे?" मग सगळ्यांनी वडिलांचं नाव घेतलं आणि नेल्सच्या नावाने टाळ्या पडल्या. मी वेंडेलना टॉवेल दिला.

माणसं तव्याकडे वळली तेव्हा वेंडेल व्हॅनला टेकून हात पुसत होते. मी खिशातून ती रिंग काढून त्यांच्या ओल्या तळव्यावर ठेवली. टेपचं साल अजून तिला चिकटून होतं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ती डोळ्यांजवळ नेली. एक थर बघितला, त्याखालचा बघितला. स्क्रूकडे पाहिलं, खालच्या ओघळांकडे पाहिलं. मग खोक्याकडे पाहिलं. नेल्स केव्हाच उठून गेला होता.

"मागे तू होतीस," ते म्हणाले.

"हो."

"नव्या रिंगा नव्हत्या त्याच्याकडे?"

"डब्यात होत्या."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. मग त्यांचा आवाज मऊ झाला, आणि तो मऊ झाल्याबरोबर आता काय येणार हे मला कळलं. "पोरी, माणसं चमत्कारिक असतात. हवा गेली असती तर तू कशाला आली असतीस? तुला बोलवायला काहीतरी निमित्त हवं असेल त्याला."

"फोन होता, वेंडेल," मी म्हणाले. "ये म्हणायचं. मी आले असते."

त्यांनी मान हलवली. मग रिंग असलेला हात मिटला आणि शर्टाच्या खिशाकडे नेला. वाईट हेतूने नाही. मित्राची उघडी पडलेली गोष्ट माणूस झाकतो तसं. मी हात पुढे केला आणि तसाच ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात मागे घेतला नाही. शेवटी त्यांनी मूठ उघडली आणि रिंग मला परत दिली.

"सांगू का सगळ्यांना?" त्यांनी विचारलं.

तव्याजवळ नेल्स हात हवेत धरून काहीतरी सांगत होता आणि लोक हसत होते. सांगितलं असतं तर ते माझ्याकडे वळले असते. बिचारी म्हणाले असते. पॅनकेक वाढले असते. मला जे ऐकायचं होतं ते त्यांच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. मी नको म्हटलं.

दुपारी आम्ही निघालो. घाटाच्या माथ्यावर नेल्सने गाडी बाजूला घेतली. व्हॅन विकायची असं त्याचं आधी चाललं होतं, आता त्याचा बेत बदलला होता. इतक्या लोकांनी हात हातात घेतल्यावर विकवेना म्हणाला. फीनिक्सला नेईन, दर वर्षी तळ्यावर आणीन. मी म्हटलं, ने.

"पण हवा काढायला कुणीतरी लागेल," तो म्हणाला. "मी पुढे बसेन. तू येशील ना मागे? खरं सांगायचं तर तुझ्याइतकं मला जमत नाही."

हे त्याने मनापासून म्हटलं होतं. इतक्या वर्षांत आमच्या घरात हे कुणी मला पहिल्यांदा म्हणत होतं. मी काट्याकडे पाहिलं. तो मधोमध होता.

"रिंग नवी आहे," मी म्हणाले. "आता कुणालाही जमेल."